तिनाचं चारात

झिपऱ्या खोटं बोलतोय, हे मी वकीलबाईंना पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. झिपऱ्या तेव्हा त्याच खोलीत माझ्यापासून चार हातांवर बसला होता. बसेना का! एकेचाळीस वर्षांपूर्वी मीच त्याला उचलून वर ठेवला. त्याच्या तोंडावर बोलायला मी कशाला भिऊ?

झिपऱ्या हे नावही मीच ठेवलेलं. तेव्हा त्याचे केस खांद्यावर रुळायचे. आता डोकं पातेल्याच्या बुडासारखं गुळगुळीत झालंय आणि जग त्याला एका भल्यामोठ्या नावाने ओळखतं. त्याची गिटार ऐकायला मैदानं भरतात. पोरं त्याच्या चेहऱ्याचे शर्ट घालतात. माझ्यासाठी तो अजून झिपऱ्याच.

भांडण असं होतं. ज्या रेकॉर्डिंग कंपनीत मी उभी हयात घालवली, तिच्या गोदामात टेपचं एक जुनं खोकं सापडलं. आत झिपऱ्याचं पहिलंवहिलं सेशन, तो एकोणीस वर्षांचा असतानाचं. कधीच बाजारात न आलेलं. कंपनीला घबाडच मिळालं. ती रेकॉर्ड काढायला निघाली, तर हे महाशय कोर्टात गेले. म्हणे, "यातलं वाजवणं माझं नाही." बरं, मग कुणाचं? त्यावर तोंडाला कुलूप. कुणी म्हणालं, म्हातारपणी डोकं फिरलं. कुणी म्हणालं, कोवळ्या वयातलं कच्चं काम लोकांनी ऐकू नये म्हणून हा कांगावा. कच्चं! पेपरात तो शब्द वाचला आणि माझं डोकं सणकलं. कच्चं असतं तर मी त्याला निवडला असता का?

कारण निवडला मी होता. ही गोष्ट मी कुठे सांगितली नाही असं ठिकाण नाही. दाताच्या डॉक्टरकडे जबडा उघडा असतानाही सांगितलीय. घरात मी "त्या दिवशी साहेब आजारी होते..." असं सुरू केलं की एकेक जण पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो.

तर त्या दिवशी साहेब आजारी होते. साहेब म्हणजे स्टुडिओचे मुख्य रेकॉर्डिस्ट. मी त्यांचा मदतनीस, वय सव्वीस. मालकांना नव्या बँडसाठी एक गिटारवाला हवा होता आणि उमेदवार दोन होते. एक झिपऱ्या. दुसरा माझा धाकटा भाऊ, सतरा वर्षांचा. वडील लवकर गेल्यामुळे त्याचा भाऊ मी, बापही मीच. मालक म्हणाले, "दोघांना एकाच वेळी बँडबरोबर बसव. दोन वेगळे चॅनल घे. मग एकेकाचा ऐक आणि तूच ठरव. पण भावाच्या भिडेला पडू नकोस हं." मी म्हटलं, "मालक, तुम्ही काळजीच सोडा."

दोघांना दोन लाकडी आडोशांमागे बसवलं. प्रत्येकाचा अँप्लिफायर त्याच्या शेजारी, आणि अँप्लिफायरच्या तोंडाशी एक माइक. मी काचेमागच्या खोलीत, तिथून फक्त ड्रमवाला दिसायचा. ह्या दोघांचे हात काही दिसत नव्हते. चॅनल तीन झिपऱ्या, चॅनल चार धाकटा. कागदावर मी स्वतःच्या हाताने तसं लिहिलं. सात वेळा वाजवून घेतलं. तीनवरून जे आलं, ते ऐकून मी खुर्चीत ताठ झालो. इतकं निर्भय, इतकं खट्याळ! प्रत्येक वेळी वेगळं, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हे असंच असायला हवं होतं. चारवर मात्र सगळं बिनचूक आणि घाबरट. काचेचे पेले फळीवर मांडावेत तसे सूर मांडलेले.

सातवी खेप झाल्यावर मी बटण दाबलं आणि त्यांच्या खोलीतल्या स्पीकरवरून सगळ्यांसमोर निकाल सांगितला. धाकट्याने गिटार उचलली आणि सायकलवरून घरी गेला. पुन्हा त्याने ती हातात धरली नाही. मला तर बरंच वाटलं. पोरगं भ्रमातून लवकर बाहेर आलं, वायरिंग शिकलं, लिफ्ट दुरुस्त करायला लागलं. "लोकांना वर पोचवायचं काम आहे आपलं," तो म्हणतो, "तेही जिवंतपणी."

एवढी माझी गोष्ट. आणि ती खरी ठरवण्यासाठी कोर्टाच्या सांगण्यावरून आम्ही त्या खोलीत जमलो होतो. मूळ टेप दोन्ही पक्षांसमोर वाजवायची होती.

टेप लावायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, हातात सुती मोजे, फार बोलणं नाही. जुनी टेप चिकट झाली होती म्हणून त्यांनी ती आधी दिवसभर मंद उबेत ठेवली होती. असं काम करणारी माणसं मला आवडतात. वकीलबाई कंपनीच्या. त्यांनी माझ्यापुढे एक छापील फॉर्म सरकवला. त्यात आठ चॅनलचे आठ खण, एकाखाली एक. प्रत्येकापुढे वाजवणाऱ्याचं नाव लिहायचं आणि खाली माझी सही.

"तुमच्या हातचा कागद खोक्यात आहेच," त्या म्हणाल्या. "एकदा ऐका आणि भरून टाका. पुढच्या महिन्यात प्रकाशन आहे. व्यासपीठावर तुमचाही सत्कार ठेवलाय."

मी झिपऱ्याकडे बघून घेतलं. काळा चष्मा लावून तो भिंतीला टेकला होता.

"उपकार विसरलास तू," मी म्हटलं. "स्वतःची सही नाकारावी तसं स्वतःचं वाजवणं नाकारतोस?"

"ऐका तरी आधी," तो एवढंच म्हणाला.

आमच्याकडे टेप पूर्ण झाली की ती उलटी गुंडाळत नसत. शेवट बाहेर ठेवूनच खोक्यात टाकत, त्यामुळे शेवटची खेप सगळ्यांत आधी हाताला लागायची. बाईंनी थोडंसं मागे नेऊन सातवी खेप लावली. फक्त चॅनल तीन.

आणि तो आवाज आला. एकेचाळीस वर्षांनी. मी सदुसष्ट वर्षांचा घोडा, पण अंगावर सर्रकन काटा आला. मला वाटलं होतं, आठवणीत मी ते वाढवून ठेवलं असेल. नव्हतं वाढवलं. आठवणीतलंच कमी पडत होतं. दुसऱ्या कडव्यानंतर एक जागा आहे. तिथे सूर खाली येणार असं वाटतं आणि तो येतच नाही, हसत बाजूने निघून जातो. तिथे मी टेबलावर थाप मारली.

"बघा!" मी वकीलबाईंना म्हटलं. "हा माणूस म्हणतो, हे माझं नाही!"

झिपऱ्याने चष्मा काढला होता आणि तळव्याने डोळे दाबून धरले होते.

गाणं संपलं. बाईंनी टेप थांबवली नाही, चालू राहू दिली. अँप्लिफायरची घरघर ऐकू येत होती. खुर्ची करकरली. आणि मग एक आवाज आला, अगदी माइकजवळून, नुकताच फुटलेला, धापा टाकणारा.

"दादा, ठीक आलं का?"

मी हसलो. खरंच, आधी हसूच आलं. धाकट्याचा तो जुना आवाज किती वर्षांनी ऐकला! मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मागून डोकं पोचलं.

"तुमच्याकडून चार लागलाय," मी बाईंना म्हटलं. "तीन लावा, तीन."

"तीनच आहे."

"नसणार."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तीनच होता. मी उठून, चष्मा लावून, वाकून पाहिलं. मग चार लावायला सांगितला. तेच गाणं, बिनचूक, घाबरट. गाणं संपलं, कुणीतरी घसा खाकरला आणि माइकजवळून झिपऱ्याचा आवाज म्हणाला, "माझी एक तार उतरलीय वाटतं."

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा लावलं. मी आणखी एकदा लावायला सांगितलं. पाच वेळा ऐकलं असेल. दर वेळी मनात म्हणायचो की आता वेगळं येईल. माझे कान इतके तापले की मी ते दोन्ही हातांनी चोळले. वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो मी बाजूला सारला.

"खोली लहान असेल," त्या हळूच म्हणाल्या. "एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधे शिरत असेल ना?"

शिरतो. पण शिरलेला आवाज लांबून येतो, आणि हा माइकच्या तोंडाशी होता. चाळीस वर्षं मी याच गोष्टीवर पोट भरलं. जवळचा आवाज आणि लांबचा आवाज मला झोपेतही कळतो. तरी मी म्हटलं, "हो. शिरत असेल."

टेपवाल्या बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेची मला लाज वाटली आणि त्याच रागात मी बोलायला लागलो.

"अशक्य आहे," मी म्हटलं. "माइकच्या वायरी मी स्वतः लावल्या होत्या. भिंतीत आमची एक पेटी होती, आठ भोकांची. वायरी त्यात खोचायच्या, तिथून त्या आत काचेमागे यायच्या. कुणीतरी कधीकाळी दुरुस्तीत तीन आणि चार आतून उलटे जोडून ठेवले होते. सहा वर्षं तसेच. भिंत कोण फोडणार? म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती, तिनाचं चारात, चाराचं तिनात. बाहेरून उलटं खोचलं की आत सुलटं येणार. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. त्या दिवशीही मी तसंच खोचलं. म्हणजे बरोबरच यायला हवं!"

"पेटी त्या दिवशीही उलटीच होती का?" बाईंनी विचारलं.

"न व्हायला काय झालं? पेटीला मी सोडून कोण हात लावणार?"

आणि हे बोलता बोलताच मला धाकटा आठवला. सोल्डरिंगचं वेड घरात एकालाच होतं. दुपारी माझं जेवण घेऊन स्टुडिओत यायचा आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळायचा.

"सुरुवातीपासून लावा," मी म्हटलं. "अगदी पहिल्या इंचापासून. तीन."

टेप मागे जायला तीन मिनिटं लागली. मग सुरुवात झाली. घरघर, आडोसा सरकवल्याचा आवाज, आणि माइकजवळ पुन्हा तोच, आता उत्साहाने फसफसणारा.

"दादा, ऐक ना. ती भिंतीतली पेटी काल संध्याकाळी मी उघडून नीट जोडली. गंमत केली तुझी! आता तिनाचं तिनातच घाल."

आणि लांबून, खोलीतल्या स्पीकरमधून, माझा आवाज.

"मधे मधे बोलू नकोस. इथे मी तुझा दादा नाही. वाजव."

काय तो रुबाब! त्या सव्वीस वर्षांच्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याला सांगितलं होतं. सांगितलं होतं हो! त्याच्या भावाने स्वतःच्या तोंडाने, पहिला सूर वाजवण्याआधी सांगितलं होतं. आणि मला यातला एक शब्द आठवत नव्हता, आजही आठवत नाही. आवाज ऐकला आणि शब्द सोडून दिले. ऐकण्याचा धंदा माझा!

म्हणजे ते निर्भय, खट्याळ वाजवणं धाकट्याचं होतं. घरात स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तो तासन् तास वाजवायचा आणि मी म्हणायचो, "कटकट बंद कर." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तर पिकलेलं पायाखाली तुडवलं, वर भिडेला पडलो नाही म्हणून जन्मभर पाठ थोपटून घेतली.

"तुला माहीत होतं," मी झिपऱ्याला म्हटलं.

"त्याच दिवशी कळलं. तो गेल्यावर तुम्ही मला आत बोलवून टेप ऐकवलीत आणि पाठीवर हात मारून म्हणालात, ऐक, हा तू." तो खाली बघून बोलत होता. "एकोणीस वर्षांचा होतो हो. घरी परत जायचं तोंड नव्हतं. म्हटलं, आता बोलू, मग बोलू. ते राहिलंच."

"आणि ते मनगट? मुरगळलं म्हणून तीन महिने कुणापुढे वाजवलं नाहीस. मी रोज गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचो!"

"मनगटाला काही झालं नव्हतं. खोलीचं दार लावून तसं वाजवायला शिकत होतो. अजून शिकतोय. ती न उतरणारी जागा मला अजून जमलेली नाही."

"मग कोर्टात का नाही सांगितलंस कुणाचं ते? नुसतं माझं नाही, माझं नाही!"

"त्याने शपथ घातलीय." झिपऱ्याने आता माझ्याकडे पाहिलं. "बावीस वर्षांपूर्वी राहवेना म्हणून त्याला शोधत गेलो. एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्रात डोकं घालून बसला होता. सगळं सांगितलं. तो बराच वेळ पाना पुसत राहिला. मग म्हणाला, हे दादाला कधी कळू देऊ नकोस. आपण आयुष्यात एक गोष्ट बरोबर केली असं त्याला वाटतं. ती एकच आहे त्याच्याकडे."

माणसाला तोंडात मारली तर कळतं, कुठे लागलं. मला कळत नव्हतं.

वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनी फॉर्म हळूच माझ्याजवळ आणला. "आवाज ऐकू आला म्हणजे वाजवणं त्याचंच, असं सिद्ध होत नाही. तुमचा कागद आहे, त्यावर तुम्ही ठाम राहिलात तर कोर्ट तेच धरेल. तुमचं नावही राहील. घाई नाही. उद्या आणून द्या."

मी फॉर्म खिशात घातला. दोन्ही पक्षांची परवानगी घेऊन टेपवाल्या बाईंनी सातवी खेप, तिसऱ्या चॅनलची, एका लहानशा यंत्रावर उतरवून दिली. जाताना म्हणाल्या, "फार सुंदर वाजवलंय त्यांनी." त्यांनी. एकेचाळीस वर्षांत माझ्या भावाला मिळालेली ती पहिली दाद, आणि तीही मलाच ऐकावी लागली.

धाकट्याचं घर चौथ्या मजल्यावर. मी लिफ्ट न घेता जिना चढलो. लिफ्टच्या बटणाला हात लावायचं धाडस झालं नाही. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"भाऊजी, अहो, घामाघूम झालात! लिफ्ट बंद आहे की काय? यांच्याच इमारतीतली?"

"बंद कशी असेल?" आतून तो ओरडला. "माझी अब्रू काढू नका."

तो टेबलावर बटणांची एक पट्टी उघडून बसला होता. अठ्ठावन्न वर्षांचा, चष्मा कपाळावर, बोटांना काळं ग्रीस. मी यंत्र टेबलावर ठेवलं. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि हातातला स्क्रू हळूच वाटीत टाकला.

"झिपऱ्याने तोंड उघडलं वाटतं."

"त्याने नाही," मी म्हटलं. "तू उघडलंस. टेपवर."

"हात्तिच्या!" तो म्हणाला. "मी बोललोच असेन काहीतरी. गप्प बसवत नाही ना मला." मग एकदम घाईने, "हे बघ दादा, त्यात काय एवढं? पोरवयातली गोष्ट. माझं काय वाईट झालं? मला लिफ्ट आवडतात. माझ्या हातची एक लिफ्ट आजवर मधेच अडकलेली नाही. तू त्यांचा तो कागद भरून टाक. तुझा सत्कार आहे म्हणे. मी नवा शर्टही घेतलाय."

"कसली टेप?" त्याच्या बायकोने विचारलं.

"हा गिटार वाजवायचा," मी म्हटलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हे? कधी?"

तीस वर्षांचा संसार, आणि त्याने तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, आजच्या दिवसातले धक्के संपले.

"ऐकायचंय तुला?" मी विचारलं.

तो ग्रीसची बोटं फडक्याला पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग म्हणाला, "लाव."

मी लावलं. सुरुवातीला त्याचा चेहरा लिफ्टची घरघर ऐकताना होतो तसा झाला, बिघाड शोधणारा. मान तिरकी, डोळे बारीक. दुसरं कडवं आलं तसा तो पुटपुटला, "आता इथे चुकलो होतो मी." ती जागा आली. सूर खाली उतरला नाही, हसत बाजूने निघून गेला. त्याची मान सरळ झाली.

"नाही," तो म्हणाला. "नाही की चुकलो."

बायको दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. "हे तुम्ही?" ती म्हणाली. "हे तुम्ही आहात?" त्याला ते ऐकू आलं नसावं.

गाणं संपलं. पुढे काय येणार ते मला माहीत होतं. खुर्ची करकरली, तो सतरा वर्षांचा आवाज म्हणाला, "दादा, ठीक आलं का?" आणि मी झटकन बंद करायला हात पुढे केला. कारण त्यानंतर माझा निकाल होता.

धाकट्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "ते पाठ आहे मला."

आणि लांबून, त्या खोलीतल्या स्पीकरमधून, मी बोलायला लागलो. त्याबरोबर, यंत्राकडे बघत, अगदी हळू आवाजात धाकटाही बोलायला लागला. एकेक शब्द माझ्याबरोबर.

"तीन नंबर, फार छान. चार नंबर, तू बास कर. बोटं आहेत का लाकडी चमचे?" इथे मी तेव्हा खोकलो होतो. तो खोकल्याएवढा थांबला. "घरी जा आणि ज्याला कान लागत नाही असं काहीतरी काम शीक."

एका अक्षराची चूक झाली नाही. यंत्र आपोआप बंद पडलं. त्याने माझं मनगट सोडलं आणि सोडताना त्यावरचा ग्रीसचा डाग फडक्याने पुसला.

मी रडलो. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी ऐकलंच नाही रे," मी म्हटलं. "तू सांगत होतास आणि मी ऐकलंच नाही. ठीक आलं होतं. फार फार ठीक आलं होतं. मी इतक्या वर्षांत याहून चांगलं काही रेकॉर्ड केलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला. "बरं, बरं. पाणी पी आधी."

त्याच्या बायकोने पाणी आणलं, आणि मलाही देईना, त्यालाही देईना, पेला धरून ती नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. मी खिशातून फॉर्म काढला, टेबलावरचे स्क्रू बाजूला सारले आणि पेन मागितलं.

"दादा, उगाच नाव घालवून घेऊ नकोस," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील तुला?"

"जे आहे ते म्हणतील."

पेन हातात धरलं खरं, पण डोळे इतके डबडबले होते की आठही खण मला एकमेकांत मिसळलेले दिसत होते. धाकटा खुर्ची ओढून माझ्या शेजारी आला. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ग्रीसचं बोट कागदाला न लावता वरच्या वर एका खणावर धरलं.

"बघ हं," तो म्हणाला. "आता तरी तिनाचं तिनातच घाल."

मी तिसऱ्या खणात माझ्या भावाचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.